गावातलं स्टार्टअप बंद करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातून आम्ही दोघा मित्रांनी २०१९ ते २०२३ अशी चार वर्षं एक कंपनी चालवली. ॲपवर किंवा फोनवर बुकिंग घ्यायचं आणि शेतकऱ्याला ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, हडंबा (मळणी यंत्र) भाड्यानं मिळवून द्यायचा, असं काम होतं. ३१ मार्च २०२३ ला काम थांबवलं. कागदावरची कंपनी संपायला त्यानंतर अडीच वर्षं गेली. यवतमाळ, वाशीम, अमरावती, बुलढाण्याकडची पोरं फोन करून विचारतात ते प्रश्न बहुतेक सारखेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

बंद करायची वेळ आली, हे कळतं कसं?

आम्हाला ते जानेवारी २०२३ मध्ये कळलं, आणि तेही वर्षभर उशिरा. संक्रांतीनंतर एका रात्री मी आणि माझा भागीदार उधारीची वही घेऊन बसलो. ॲपमध्ये बुकिंगचे आकडे चांगले दिसत होते. वहीत मात्र २०२२ च्या खरिपाच्या दर दहा रुपयांतले चार रुपये अजून यायचे होते. जूनमध्ये पुन्हा डिझेल लागणार, ड्रायव्हरांना उचल द्यावी लागणार, ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता भरावा लागणार. हातात काहीच नव्हतं. पुढचा हंगाम उभा करायला नवीन कर्ज काढायचं, आणि मागचं कधी फिटेल याची तारीख दोघांपैकी एकालाही सांगता येईना. तिथंच थांबायचं ठरलं.

तुमच्या धंद्याची खूण वेगळी असेल. पण धंदा शेतीशी जोडलेला असेल तर निर्णय हंगामाच्या आधी घ्या. आमच्याकडे सालदाराचं साल पाडव्याला बदलतं, ट्रॅक्टरवरचे पोरंही तेव्हाच नवा मालक धरतात. २०२३ चा पाडवा २२ मार्चला होता. आम्ही त्यांना फेब्रुवारीतच सांगितलं, त्यामुळे तिघांचीही वर्षाची सोय झाली. हेच मृगात सांगितलं असतं तर त्यांचं वर्ष गेलं असतं. शिवाय आमच्या भरवशावर दुसरा ट्रॅक्टर न सांगितलेल्या शेतकऱ्याची पेरणीही लांबली असती.

नेमकं चुकलं कुठं?

हे मला स्वतःला समजायलाच दोन वर्षं लागली, म्हणून सविस्तर सांगतो.

जून २०२० मध्ये विदर्भात आणि मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही, अशा तक्रारींचा पाऊस पडला होता, ते आठवत असेल. आमच्या शिवारातही तेच. पेरणी करून आठ-दहा दिवस झाले तरी पेरलेल्या ओळीत हिरवं दिसेना. लोकांनी माती उकरून पाहिली तर बी कुजलेलं. मग दुबार पेरणी. तेच वावर दोनदा पेरलं गेलं आणि आमचं यंत्रही त्याच वावरात दोनदा गेलं. त्या वर्षी आमचं बुकिंग आधीच्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झालं. आम्ही त्याचा आलेख काढला, छापून गोडाऊनच्या भिंतीवर लावला आणि तोच बँकेत दाखवला. तोपर्यंत आम्ही दुसऱ्यांचे ट्रॅक्टर लावून फक्त कमिशन घेत होतो. त्या आलेखाच्या जोरावर २०२१ मध्ये कर्ज काढून दोन ट्रॅक्टर, एक रोटाव्हेटर, रुंद वरंबा सरीची दोन पेरणी यंत्रं आणि एक हडंबा घेतला.

तो आलेख वर गेला होता कारण शेतकरी खाली गेला होता. बियाण्याची दुसरी पिशवी, दुसऱ्यांदा खत, दुसऱ्यांदा भाडं. ज्याचा खर्च दुप्पट झाला तो आमचे पैसे कुठून देणार, हे आम्ही स्वतःला विचारलंच नाही. पुढच्या वर्षी आणखी बुकिंग येईल एवढंच धरून चाललो.

मग वसुलीचं गणित. पेरणीचं भाडं जूनमध्ये लागतं आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा दसरा-दिवाळीत येतो, सोंगणी होऊन माल विकल्यावर. त्यात ऑगस्ट २०२१ मध्ये काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं, ते लोकांच्या मनातून गेलं नव्हतं. २०२२ च्या हंगामासाठी हमीभाव ४,३०० रुपये होता आणि बाजारात पाच-साडेपाच हजार मिळत होते. भाव चढेल म्हणून लोकांनी पोती घरातच थप्पीला लावून ठेवली. त्यात त्यांची काही चूक नव्हती. मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे, आमच्याही घरात पोती होती. पण ती पोती घरात असेपर्यंत आमचा पैसाही त्यांच्याच घरात, आणि बँकेचा हप्ता ठरलेल्या तारखेला. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत ज्यांची जमीन खरडून गेली त्यांच्या दारात पैसे मागायला जाण्याची तर हिंमतच झाली नाही.

आज कोणी बुकिंगचा आकडा दाखवला की मी आधी विचारतो, त्या वर्षी तुमच्या गिऱ्हाइकाचं काय झालं होतं?

ॲप चांगलं असतं तर धंदा चालला असता का?

नाही. ॲप चांगलंच होतं, आणि ते करणाऱ्या पोराला मी आजही श्रेय देतो.

आमचा भाग कोरडवाहू. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विद्यापीठ सांगतं, आणि ते बरोबरच आहे. पण तेवढा पाऊस पंचक्रोशीत एकाच दोन-तीन दिवसांत पूर्ण होतो. मग काळ्या जमिनीला वाफसा यायची, म्हणजे चिखल जाऊन पेरण्याजोगी ओल राहायची, वाट पाहायची. वाफसा आला की सगळ्यांना ट्रॅक्टर त्याच सकाळी हवा. आमच्याकडे एका दिवसात २०० फोन आले आहेत आणि नंतर आठवडाभर एकही नाही. वर्षाचा धंदा पेरणीचे दहा दिवस आणि सोंगणीचे पंधरा दिवस, एवढ्यातच होतो.

ॲपमध्ये एकरी एक तास धरला होता. प्रत्यक्षात पांदण रस्त्यातून वावरापर्यंत पोचायलाच कधी कधी तास जायचा. एकदा आमचा ट्रॅक्टर पांदणीत अर्ध्या चाकापर्यंत रुतला. तो काढायला दुसरा ट्रॅक्टर बोलावला, तोही बुकिंगवर निघालेला. त्या सकाळी सात शेतकरी धुऱ्यावर (बांधावर) उभे राहून वाट पाहत होते, आणि प्रत्येकाच्या फोनवर 'दहा मिनिटांत पोचत आहे' असा संदेश जात होता. तो संदेश आपोआप जायचा. मी त्याच दिवशी तो बंद करायला लावला.

आणि जोडलेले ट्रॅक्टरमालक? वाफसा आला की ते आधी स्वतःचं वावर करणार, मग भावाचं, मग धुऱ्याला धुरा असलेल्या शेजाऱ्याचं. शेवटी आमचं बुकिंग. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

सगळ्यात आधी कोणाला सांगायचं?

घरी. मग आपल्याकडे काम करणाऱ्यांना. मग ज्यांचा आपल्याकडे पैसा आहे त्यांना. बँक आणि सीए त्यानंतर. आणि प्रत्येकाला समोर जाऊन सांगायचं, ग्रुपवर मेसेज टाकायचा नाही. गावात बातमी आपल्या आधी पोचते आणि वाटेत तिचं काय काय होतं ते आपल्या हातात राहत नाही.

उन्हाळी नांगरटीसाठी १४ जणांनी आमच्याकडे इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला होता. बहुतेकांचे ५०० रुपये. ते परत करायला मी गाडी घेऊन एकेका घरी गेलो. एका म्हाताऱ्या बाबांनी मला पाहून बाज पुढं सरकवली. मी पाकीट दिलं. ते म्हणाले, "वापस कराले आला का बाप्पा? मले वाटलं तू आता दिसतच नाई." नोट त्यांनी दोनदा घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. मग माझ्याकडची वही मागितली आणि स्वतःच्या नावापुढं 'मिळाले' असं माझ्याच हातानं लिहायला लावलं. आतून चहा आला. त्या चौदा घरांमध्ये माझे चार दिवस गेले, आणि त्या चार वर्षांतले एवढे नीट गेलेले दुसरे दिवस मला आठवत नाहीत.

पैसे कमी आहेत. कोणाचे आधी द्यायचे?

आम्ही ठरवलेला क्रम असा : कामगारांची मजुरी, शेतकऱ्यांचे इसार, डिझेलवाला आणि गावातला वेल्डिंगवाला, मग जोडलेल्या ट्रॅक्टरमालकांची बाकी. बँकेशी स्वतंत्र बोलणी सुरू होतीच, तिचं तारण यंत्रांवर होतं. आमचे दोघांचे पगार आणि आम्ही घातलेलं भांडवल सगळ्यात शेवटी. ते आलंच नाही.

मजुरी पुढं ठेवण्याला कायद्याचाही आधार आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कामगारांची शेवटच्या २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीनं धरली जाते. तुमची कंपनी त्या वाटेनं जाणार नसली तरी मनाशी एवढं धरून चाला.

पुढच्या तारखेचा चेक मात्र कोणालाही देऊ नका. खात्यात पैसे येतील या आशेवर दिलेला चेक परत गेला की चेक न वटण्याबद्दलचं कलम १३८ लागतं. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली नाही तर फौजदारी खटला उभा राहतो. देता येत नसेल तर तसं सांगा आणि कधी देता येईल ते कागदावर लिहून द्या.

लोकांकडे आमची उधारी आहे. ती सोडून द्यायची का?

सगळी सोडू नका, सगळी वसूल होईल असंही धरू नका. आम्ही वही समोर ठेवून प्रत्येक नावावर बोललो. ज्यांच्याकडे माल होता त्यांना विकल्यावर द्या म्हणालो, आणि रकमेवर त्यांची सही घेतली. साध्या उधारीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. मुदत संपायच्या आत लेखी कबुली घेतली की ती तीन वर्षं तिथून नव्यानं मोजतात. कोर्टात आम्ही कोणालाच नेलं नाही. सहीमुळे दोन्ही बाजूंना आकडा एकच राहिला, आणि त्यामुळे भांडण झालं नाही. ज्यांच्या घरात त्या वर्षी मोठं दुखणं किंवा मृत्यू झाला होता त्यांच्या नावांवर रेघ मारली. कुठली नावं, हे आम्ही दोघांशिवाय कोणाला माहीत नाही.

प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणजे घर-वावर सुरक्षित ना?

याच प्रश्नावर सगळ्यात जास्त गैरसमज आहे. कंपनीची जबाबदारी मर्यादित असते हे खरं. पण बँकेनं कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेतली आहे का, ते कागद काढून बघा. बहुतेक वेळा घेतलेली असते, आणि कधी कधी वडिलांचीही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कंपनी बंद झाली म्हणून ती संपत नाही. सरकारी हमी योजनेतून विनातारण कर्ज मिळालं असेल तर ती हमीही बँकेच्या नुकसानीसाठी असते. कर्जदाराचं कर्ज त्यानं माफ होत नाही.

हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. त्याच्या आधी शाखेत जा, लेखी अर्ज द्या आणि यंत्रं विकून पैसे भरायची परवानगी मागा. आम्ही तसं केलं म्हणून जप्ती टळली. यंत्रांना घेतल्या किमतीच्या निम्मेच आले. राहिलेली रक्कम आम्ही दोघांनी नोकरी करून हप्त्यानं फेडली. एकरकमी तडजोडीचा पर्याय समोर होता, पण तडजोड केली की पत अहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहतो. आम्हाला 'क्लोज्ड', म्हणजे पूर्ण फेडलेलं, हवं होतं, कारण पीककर्ज दर वर्षी लागतं.

ट्रॅक्टर विकताना बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन आरसी बुकावरचा बोजा उतरवा, आणि फॉर्म २९, ३० भरून नाव बदलल्याशिवाय चावी देऊ नका. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विकलेल्या ट्रॅक्टरनं अपघात केला तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येईल.

यंत्र अनुदानावर घेतलं आहे. विकता येईल का?

मंजुरीपत्रातल्या अटी वाचल्याशिवाय विकू नका, आणि शंका असेल तर तालुका कृषी कार्यालयाला लेखी विचारा. पीएमईजीपी या पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेतून कर्ज असेल तर अनुदानाची रक्कम बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकलेली असते, तेही आधी बघून घ्या.

कंपनी कागदोपत्री बंद कशी करायची?

देणी शून्य झाल्यावर, कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४८ खाली, एसटीके-२ हा अर्ज भरून. शुल्क १०,००० रुपये. लागोपाठ दोन आर्थिक वर्षं कंपनीनं कुठलाही धंदा केलेला नसावा. आमची दोन वर्षं मार्च २०२५ ला भरली, म्हणून अर्ज त्यानंतर. भांडवलात ७५ टक्के वाटा असणाऱ्या भागधारकांची संमती किंवा विशेष ठराव लागतो. प्रत्येक संचालकाचं हमीपत्र आणि प्रतिज्ञापत्र लागतं. सीएनं प्रमाणित केलेलं हिशेबपत्रक ३० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. आमचं एकदा जुनं झालं आणि दुसऱ्यांदा करावं लागलं, म्हणून ते सगळ्यात शेवटी काढा. काम थांबलं त्या वर्षापर्यंतची वार्षिक विवरणपत्रं भरलेली असली पाहिजेत. बँक खातं बंद केल्याचा दाखला जोडा. कर्जाचा बोजा कंपनीच्या नोंदीतून सीएचजी-४ भरून काढून टाकलेला असला पाहिजे. २०२३ पासून हे अर्ज हरियाणातल्या मानेसर इथलं केंद्र बघतं, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या चकरा वाचतात.

जीएसटीसाठी आरईजी-१६ हा रद्द करण्याचा अर्ज करा, आणि आदेश आल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरा. हे शेवटचं विवरणपत्र बरेच जण विसरतात. उद्यम नोंदणी आणि गुमास्ताही (दुकान-आस्थापना नोंदणी) रद्द करा. हिशेबाच्या वह्या मात्र आठ वर्षं जपायच्या. आमच्या एका पत्र्याच्या पेटीत आहेत, उंदरांपासून वाचवून.

काहीच केलं नाही, तशीच सोडून दिली तर?

वार्षिक विवरणपत्रांना उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागं दिवसाला १०० रुपये चढत जातात. लागोपाठ तीन वर्षं भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. मग तुम्हाला उद्या गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीवर संचालक म्हणून घ्यायचं ठरलं तरी घेता येणार नाही. माझ्या ओळखीतल्या एकाचं हेच झालं.

कंपनी नाही, भागीदारी किंवा एकट्याच्या नावावर आहे. मग?

एकट्याच्या नावावर असेल तर धंद्याचं देणं ते तुमचंच देणं. भागीदारीत प्रत्येक भागीदार सगळ्या देण्याला जबाबदार असतो, आणि फर्म मोडल्याची जाहीर नोटीस दिली नाही तर दुसऱ्यानं नंतर केलेला व्यवहारही तुमच्या अंगावर येऊ शकतो. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर बंद करायला फॉर्म २४.

शेतकऱ्यांचे फोन नंबर, सातबारा, आधार यांचं काय करायचं?

काम थांबल्यावर पंधरा दिवसांत आमच्याकडे दोन जण आले. त्यांना आमच्याकडची सहा हजार शेतकऱ्यांची यादी विकत हवी होती : गाव, एकर, पीक, फोन. चांगले पैसे देत होते, आणि तेव्हा आम्हाला पैशाची खरोखर गरज होती. आम्ही नाही म्हणालो. ते नंबर लोकांनी आम्हाला ट्रॅक्टर पाठवायला दिले होते, फवारणीची औषधं विकायला नाही. काम संपलं की लोकांची माहिती पुसून टाकावी, असं २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही म्हणतो. हिशेबाला लागतात तेवढ्या नोंदी ठेवल्या, बाकी सर्व्हरवरून काढलं, आणि आधारच्या झेरॉक्स गोडाऊनमागं जाळल्या. सगळे कागद जळेपर्यंत तिथंच उभे राहिलो.

भागीदार मित्राशी संबंध टिकले का?

टिकले. शेवटच्या तीन महिन्यांत कोणी किती फेडायचं ते आम्ही लिहून काढलं आणि दोघांच्याही वडिलांसमोर वाचलं. एवढंच केलं.

घरचे आणि गाव काय म्हणाले? झोप लागत नाही, काय करू?

वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "चाल, वखराले ये." दिवसभर आम्ही वावरात होतो आणि कंपनीचा विषय निघाला नाही. संध्याकाळी घरी येताना त्यांनी फक्त एवढं विचारलं, की कोणाचं काही राहिलं तर नाही ना? पारावर लोक बोलले, नाही असं नाही. पोळ्यापर्यंत तेही थांबलं.

झोपेचं मी गांभीर्यानं सांगतो. आपल्या भागात कर्जापायी माणसं गेली आहेत, प्रत्येक गावाला ती घरं माहीत आहेत. मलाही त्या फेब्रुवारीत रात्री तीनला जाग यायची आणि विहिरीकडं जाऊ नये म्हणून मी आईजवळ ओसरीत झोपायचो. हे मी नंतर आईला सांगितलं. तुम्हाला असं होत असेल तर आजच घरात एकाला सांगा आणि १४४१६ वर फोन लावा. ती टेली मानसची मोफत सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. कंपनीचे कागद आठवडाभर थांबतील.

आता काय करता? पुन्हा सुरू करणार का?

यवतमाळला नोकरी करतो, शनिवार-रविवार वावर बघतो. पुन्हा करायचं म्हटलं तर पेरणीवर अवलंबून नसलेलं आणि पैसा हातात आल्यावरच पुढचं पाऊल टाकता येईल असं काही करीन, पण अजून ठरलेलं नाही.

आमचा रोटाव्हेटर आमच्याच एका ड्रायव्हरनं घेतला. पाडव्याला त्यानं नवा मालक धरला नाही, भावाच्या ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून स्वतःचंच काम सुरू केलं. तो चार गावांपलीकडं जात नाही आणि अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय ट्रॅक्टर हलवत नाही. कंपनीचा जुना नंबर मी अजून चालू ठेवला आहे. वाफसा आला की सकाळी सहापासून त्यावर फोन येतात, "ट्रॅक्टर भेटन का जी?" मी त्यांना त्याचा नंबर देतो.